आनासेइनी आत्याची दहापैकी दहा तब्येत

परवाच्या रविवारी मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि मला काहीही दिसलं नाही. या गोष्टीचा आनंद तुम्हाला कळायचा नाही. त्याआधीचे सात रविवार डोळे मिटले की मला चौकोन दिसायचे. रिकामे, छोटे, ओळीने मांडलेले चौकोन. योग्य त्या चौकोनात खूण करावी. आमचे पाद्रीबुवा नरकाचं वर्णन फार तपशीलवार करतात, पण त्यात चौकोन नाहीत ही त्यातली मोठी उणीव आहे, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

हे सगळं सुरू झालं एका बिस्किटामुळे.

मांगेरेतल्या आमच्या आरोग्य ऑफिसात मी चोवीस वर्षं आहे. राजधानी वेलिंग्टनहून आलेला कागद योग्य त्या टेबलावर पोहोचवायचा आणि टेबलावरून उठला की परत वेलिंग्टनला धाडायचा, हे माझं काम. या कामात कुणी आपलं मत विचारत नाही, त्यामुळे आपलं मत कधी चुकत नाही. चोवीस वर्षांत माझं एकही मत चुकलेलं नव्हतं. तर त्या दिवशी मीटिंग होती. आमच्या प्रमुख फिओनाबाई, मनाने फार चांगल्या, रोज सकाळी सगळ्यांना टोंगन भाषेत नमस्कार करतात, सामोअन लोकांनासुद्धा. त्यांनी पडद्यावर नवी प्रश्नावली दाखवली. पॅसिफिक लोकांच्या, म्हणजे आमच्यासारख्या बेटांवरून येऊन इथे राहिलेल्यांच्या, प्रकृतीची पाहणी, खास पॅसिफिक लोकांसाठी बनवलेली. मी जुनी पाहिली होती. फरक एवढाच होता की नवीच्या चारी बाजूंनी जास्वंदीची वेलबुट्टी काढली होती. आत तेच. ‘गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उत्साही वाटले?’

नेमका त्या क्षणी माझ्या घशात बिस्किटाचा तुकडा अडकला. मी खोकलो.

“इसिलेली, तुम्हाला काहीतरी म्हणायचंय,” फिओनाबाई म्हणाल्या.

मी हात हलवला. मला पाणी हवं होतं. त्यांना वाटलं, मी म्हणतोय की हे सगळं रद्द करा. मी जास्त जोरात खोकलो, तेव्हा त्यांना माझ्या भावनांची तीव्रता कळली. पाणी मिळून घसा मोकळा होईपर्यंत कागदावर लिहून झालं होतं: ‘श्री. इसिलेली माहे यांनी प्रश्नावलीच्या मूळ कल्पनेवरच आक्षेप घेतला.’ पुढच्या पाच मिनिटांत काम माझ्या गळ्यात. सहा आठवड्यांत नवी प्रश्नावली करायची, मांगेरेतल्या बारा घरांत विचारून बघायची. जमलं तर ती साऱ्या देशात जाणार. नाही जमलं तर जास्वंद आहेच.

मी तेव्हाच सांगू शकलो असतो की ते बिस्कीट होतं. पण टेबलाभोवतीची अकरा माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. अशा वेळी बिस्किटाचं नाव काढायला फार मोठं मन लागतं.

घरी लुसेआनेला सांगितलं. लुसेआने माझी बायको, प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे कुठल्याही वाक्याच्या शेवटी ती उत्तराची वाट बघते.

“म्हणजे तुम्ही नक्की काय करणार?”

“आपल्या लोकांच्या दृष्टीने तब्येत बरी असणं म्हणजे काय, ते शोधून काढणार.”

“आणि ते तुम्हाला माहितीये?”

“शोधणार म्हटलं ना.”

“बरं. त्याआधी गवत कापा. पेनितोआ आज परत विचारत होता, त्यात काही हरवलंय का म्हणून.”

पेनितोआ आमचा शेजारी. आम्ही टोंगन, तो सामोअन. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालाय, पण समोर आलेल्या माणसाला कुठे उतरायचं ते आपणच सांगायचं ही सवय गेलेली नाही. मी गवत कापायला बाहेर आलो तर तो कुंपणावर कोपरं टेकून उभाच होता. बातमी त्याच्यापर्यंत माझ्या आधी पोहोचली होती.

“पहिला प्रश्न काय ठेवलायस?”

“वय.”

“वय? माणसाला दारात उभं करून वय विचारतोस? तू काय पोलीस आहेस? आधी गाव विचार. मग बाप कोण, आई कुठल्या घरातली. मग तो तुला विचारेल, तुझा बाप कोण. असं करत करत दोघांचा मिळून एक नातेवाईक सापडेल. तो सापडला की मग विचार, गुडघा कसा आहे.”

“याला वेळ किती लागेल?”

“दीड तास. पण गुडघा खरा कळेल.”

मी हसलो. हसू नये अशा ठिकाणी हसण्याची माझी ख्याती आहे, आमच्या लग्नाच्या फोटोंत ती नीट दिसते.

समोरच्या घरातली मोका मावशी झाडांना पाणी घालत होती. ती निउए बेटाची. तिने नळी तशीच हातात धरून रस्ता ओलांडला. “झालं! टोंगा आणि सामोआ बसले ठरवायला! पॅसिफिक म्हणजे तुम्ही दोघंच. आमचं बेट लहान म्हणून आमचं दुखणंपण लहान, नाही का?” तोवर माझे बूट भिजले होते. निउएसाठी वेगळे पाच प्रश्न घालायचं कबूल केल्यावर तिने नळीचं तोंड वळवलं. पेनितोआ लगेच म्हणाला, तिला पाच तर मला सात.

रविवारी पाद्रीबुवांनी मला न विचारता व्यासपीठावरून जाहीर केलं की आपल्यातला एक भाऊ साऱ्या समाजाच्या आरोग्याचा ग्रंथ लिहितोय, त्याच्यासाठी प्रार्थना करू या. प्रार्थना लांबली. बाहेर आलो तर लोक याद्या घेऊन उभे. ज्येष्ठ महिलांच्या मंडळाने एकतीस प्रश्न दिले. त्यातला नववा होता, ‘सुनेने गेल्या महिन्यात किती वेळा उलट उत्तर दिले?’ तरुण बायकांच्या मंडळाकडूनही हाच प्रश्न आला, फक्त सुनेच्या जागी सासू. गायकवृंदातल्या वरच्या पट्टीवाल्यांनी खालच्या पट्टीवाल्यांबद्दल विचारायला सांगितलं. एका अनामिक चिठ्ठीत होतं, ‘प्रवचन सुरू झाल्यावर साधारण कितव्या मिनिटाला धडधडू लागते?’ अक्षर आमच्या खजिनदाराचं होतं, पण मी कुठे बोललो नाही. दुसऱ्या आठवड्याअखेर माझ्याकडे एकशे सतरा प्रश्न जमले होते आणि त्यातला एकही मला काढता येत नव्हता, कारण प्रत्येक प्रश्नामागे मला ओळखणारं एक माणूस होतं.

मग निघाली नीतिसमिती. मला माहीत नव्हतं, पण लोकांना प्रश्न विचारण्यासाठी आधी एका समितीच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. तिचा फॉर्म एक्केचाळीस पानांचा. त्यात एक प्रश्न: ‘पाहणीदरम्यान खाद्यपदार्थ दिले जाणार आहेत काय? असल्यास ते प्रलोभन ठरू नये यासाठी काय दक्षता घ्याल?’ मी खरं ते लिहिलं. ‘आम्ही देणार नाही. ते लोक आम्हाला देतील. थांबवण्याचा उपाय ठाऊक असल्यास कळवावा.’ नऊ दिवसांनी उत्तर आलं की पाहणी करणाऱ्याने योग्य ते अंतर राखावं. मांडीवर ताट आणि ताटावर दुसरं ताट असताना मांगेरेत अंतर कसं राखायचं हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

एकशे सतराचे वीस प्रश्न केले ते ॲलिस्टरने. ॲलिस्टर वेलिंग्टनचा आकडेवाला. सडपातळ, टाय लावलेला, मला तो फक्त पडद्यावर छातीपर्यंत माहीत होता. त्याचा एकच नियम. प्रत्येक उत्तर शून्य ते दहा यांतच पाहिजे. शून्य म्हणजे वाईट, दहा म्हणजे उत्तम. सुनेचं उलट उत्तरसुद्धा त्याने शून्य ते दहात बसवून बघितलं, तेव्हा मला त्याच्याविषयी थोडा आदर वाटला.

पहिलं घर आनासेइनी आत्याचं. दुसऱ्या कुणापासून सुरुवात केली असती तर मला मांगेरे सोडावं लागलं असतं. आमच्यात बापाची बहीण म्हणजे घराण्याचं वरिष्ठ न्यायालय. तिच्या वर अपील नाही. आत्या चौऱ्याहत्तरची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. मी भाचा, म्हणून खाली जमिनीवर, फॉर्म गुडघ्यावर.

“आत्या, घरात माणसं किती राहतात?”

“अकरा. आमचा तिमोते धरून बारा.”

“तिमोते सिडनीला असतो ना?”

“त्याची गादी इथे आहे.”

मी बारा लिहिलं. फॉर्मच्या हिशेबाने एवढी माणसं म्हणजे ‘गर्दी’ आणि गर्दी म्हणजे अडचण. “जागा अपुरी पडते का?”

“अपुरी? भरलेलं घर आहे रे! ज्याच्या घरात दोनच माणसं त्याला जाऊन विचार, बिचाऱ्याला.”

“कधी एकटं एकटं वाटतं?”

“न्हाणीघरात. देवाची कृपा असली तर पाच मिनिटं मिळतात.”

“बरं, आता एकूण तब्येत. शून्य ते दहा.”

“दहा.”

“विचार करून सांगा.”

“का? नऊ सांगू? आणि वर गेल्यावर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? तू असताना, लुसेआने असताना, बारा माणसं असताना माझी तब्येत नऊ? लोक काय म्हणतील, हिच्याकडे कुणी बघत नाही? दहा लिही. आणि जेवून जा.”

नारळाच्या दुधात शिजलेलं मटण, अळूच्या पानांत गुंडाळलेलं. दोन पुडकी. मग पुढचं घर, तिथेही तेच. बारा घरं झाली तेव्हा साऱ्या पाहणीत नेमकी मोजता आलेली एकच गोष्ट होती, माझी कंबर. ती दोन इंचांनी वाढली होती.

बाकी आकडे असे: अकरा घरांत दहापैकी दहा. बाराव्या घरात, म्हणजे पेनितोआकडे, अकरा. टोंगन लोकांनी दहा दिलेत असं त्याला कुठून तरी कळलं होतं.

“इसिलेली,” ॲलिस्टर पडद्यावरून म्हणाला, “या आकड्यांनुसार मांगेरे ही जगातली सगळ्यात निरोगी जागा आहे.”

“आभारी आहे.”

“मी कौतुक करत नाहीये.”

मग त्याने दुसरा कागद वाचला. साखर, हृदय, मूत्रपिंड. दवाखान्यांतून आलेले आमच्याच भागाचे आकडे. ते मला ऐकायची गरज नव्हती. त्यातली निम्मी माणसं मी खांद्यावरून कबरीपर्यंत पोहोचवली आहेत. मी मान खाली घालून बसलो. फिओनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी ठरवावं लागेल. तोवर काही झालं नाही, तर मग…” आणि पडद्यावर जास्वंद उमलली.

चहाच्या खोलीत कुणीतरी मला म्हणालं, “काय दहा, कसे आहात?” त्यावर सगळे हसले. आदर सहा आठवडे टिकला होता. मी घरी जाऊन आजारी पडायचं ठरवलं.

“उठा,” लुसेआने म्हणाली. “तुम्ही विचारताच चुकीचं.”

“वीस प्रश्न आहेत. वीसही चुकीचे?”

“तुम्ही विचारता, ‘तुम्ही कसे आहात?’ आपल्यात स्वतःचं कोण सांगतं? मी बरी नाही म्हणणं म्हणजे घरचे मला बघत नाहीत म्हणणं. त्यापेक्षा माणूस मरेल. मी शाळेत मुलांना ‘कसा आहेस’ विचारतच नाही. विचारते, ‘काल धाकटीला शाळेतून घरी कुणी नेलं?’ की अख्खं घर बाहेर येतं. आई आजारी आहे, बाबा रात्रपाळीला आहेत, सगळं. माणसाला स्वतःचं विचारू नका. दुसऱ्याचं काय करायचं राहिलं, ते विचारा.”

“याला शून्य ते दहा कसं लावायचं?”

“ते त्या टायवाल्याला विचारा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याकडे गेलो. खरं म्हणजे क्षमा मागायला. तिचे दहा फुकट जाणार होते. फॉर्म नेला नव्हता. समोरच्या गॅरेजमध्ये बायका चटई विणत बसल्या होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या बहिणीच्या, वाइमोआनाच्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं, आणि आमच्यात घरच्या बायकांनी विणलेल्या चटईशिवाय लग्न होत नाही. आत्या एकटीच खिडकीत. मी खाली बसलो आणि सहज विचारलं, “आत्या, या महिन्यात कुणाचं काही करायचं राहून गेलं का हो?”

आत्या गप्प झाली. मी बावन्न वर्षांचा आहे. आत्या गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

“चटई,” ती म्हणाली. “पोरीच्या लग्नाची चटई, आणि मी बसले नाही. तीन आठवडे झाले.”

“का?”

“चष्मा हरवला.”

“आत्या, चष्मा नाकावर आहे.”

तिने चष्मा काढून त्याच्याकडे रागाने पाहिलं, जणू तो चोरून तिथे येऊन बसला होता. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पाय दुमडून बसवत नाही रे. डावा. म्हाताऱ्या सोआनेला दर शुक्रवारी डबा नेते मी, तोही नाही नेला. चर्चमध्ये गाण्याच्या वेळी उभं राहवत नाही. मी त्यांना सांगितलं, पुढची रांग तरुणांना द्यायची म्हणून मागे बसते. सगळे म्हणाले, केवढं मोठं मन!”

“बघू पाय.”

“भाच्याने आत्याचा पाय बघायचा नसतो.”

मी लुसेआनेला शाळेतून बोलावून घेतलं. दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. बाहेर आली तेव्हा लुसेआनेच्या तोंडावर रंग नव्हता. “बोट काळं पडलंय,” ती मला बाजूला घेऊन म्हणाली. “वर तेल लावून फडकं बांधलंय. सात वर्षं साखर आहे त्यांना. आणि मी दाबलं तर त्यांना कळलंसुद्धा नाही.”

आत्याने बाहेर येऊन निकाल दिला. “लग्न झालं की जाईन डॉक्टरकडे.”

आता इथे अडचण अशी की तिला जा म्हणणार कोण? आमच्या साऱ्या घराण्यात तिच्या वर कुणी नाही. मी पाद्रीबुवांना फोन केला. ते म्हणाले, “इसिलेली, या बाईने मला कान धरून स्तोत्रं शिकवली आहेत. मी प्रार्थना करू शकतो. आज्ञा नाही.” पेनितोआला कसं कळलं देव जाणे, तो येऊन म्हणाला, एवढंच ना, खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवतो. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला घरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

मी परत खाली बसलो. चोवीस वर्षं मी कागदाशी प्रामाणिक राहिलोय. एका शब्दाचाही खोटेपणा नाही. पण त्या बंद दारामागचं बोट मला दिसत होतं.

“आत्या,” मी म्हटलं, “तुम्ही दहा सांगितलेत ना, त्याच्यापुढे डॉक्टरची सही लागते. ती नसली तर माझं सगळं काम रद्द. गुरुवारी शेवटची तारीख.”

“म्हणजे? माझ्या एका पायासाठी तुझं काम अडलंय?”

“तसं म्हणजे…”

“मूर्खा! आधी सांगायचंस! सहा आठवडे नुसता जेवून जातोस! लुसेआने, माझा काळा झगा काढ. आणि कंबरेला गुंडाळायची चटई, ती समारंभातली, चांगली. सरकारी काम आहे.”

हॉस्पिटलात गर्दी होती. सकाळपासून बसलेली माणसं खुर्च्यांवर कलंडली होती. खिडकीतल्या नर्सने विचारलं, “आजी, दुखणं किती आहे? शून्य ते दहा?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. काळजी करू नकोस, असं डोळ्यांनी सांगितलं. आणि छाती भरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत म्हणाली, “दहा!”

नर्स धावली. चार मिनिटांत खाट, डॉक्टर, दोन नळ्या. सकाळपासून प्रामाणिकपणे चार आणि पाच सांगून बसलेले लोक आमच्याकडे बघू लागले. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात लुसेआनेने माझ्या पायावर पाय ठेवला. “गप्प बसा,” ती दातांतून म्हणाली. “तुमच्या आकड्याचा पहिल्यांदा उपयोग होतोय.”

पुढचे तीन तास मी व्हरांड्यात बसून होतो. तिथे मला प्रश्नावली आठवली नाही, जास्वंद आठवली नाही. फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेला आकडा तेवढा आठवत होता. मी त्या खोलीत बसलो होतो. तिच्या पायापासून दोन हातांवर. पाय फडक्यात होता आणि मी दहा लिहून, दोन पुडकी खाऊन, तोंड पुसून निघून आलो होतो.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “चार-सहा दिवस उशीर झाला असता तर पाय गेला असता,” त्या म्हणाल्या. “कदाचित नुसता पायच नाही. आता बोटसुद्धा वाचेल असं वाटतंय. आठवडाभर राहावं लागेल.”

मी तिथेच खाली जमिनीवर बसलो. लुसेआने शेजारी बसली. तिने माझा हात धरला. माझ्या मते माणसाला आयुष्यात दोन-तीनदाच असं बसायला मिळतं. मग आतून आत्याचा आवाज आला, “सही मिळाली का रे?” डॉक्टरीणबाईंना मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या पार्किंगच्या पावतीवर गंभीर चेहऱ्याने सही केली.

त्यानंतरच्या पाच दिवसांत मी उरलेल्या अकरा घरी परत गेलो, एकच प्रश्न घेऊन. एक गृहस्थ विधवा बहिणीचं गवत कापत नव्हते, कारण तिच्या फाटकापर्यंत जाताच दम लागायचा. एका बाईंनी रविवारच्या शाळेत शिकवणं सोडलं होतं, पुस्तकातली अक्षरं पुसट झाली म्हणून, आणि घरी सांगितलं होतं की कंटाळा आला. पेनितोआकडे गाव, बाप, आई असं सगळं रीतसर केलं. दीड तासाने आमचा एक नातेवाईक सापडला, माझ्या आजीच्या चुलत बहिणीचा सामोअन नवरा. तेव्हा पेनितोआ आवाज खाली आणून म्हणाला, “दोन महिने झाले, चर्चची गाडी मी चालवत नाही. संध्याकाळी रस्त्यावरचा पट्टा मला दोन दिसतो. बायकोला सांगितलंय, आता तरुणांनी चालवावी.” तीस वर्षं बस चालवलेला माणूस हे बोलून माझ्याकडे न बघता कुंपणाकडे बघत राहिला. मीही कुंपणच बघितलं. सोमवारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो.

बारापैकी सात घरांत काही ना काही राहिलेलं होतं.

गुरुवारी ॲलिस्टरने ते सगळं वाचलं. मग म्हणाला, “हे मोजायचं कसं?”

“किती जणांचं राहिलं, काय राहिलं, किती आठवडे राहिलं,” मी म्हणालो. “आठवडे मोजता येतात.”

“मला वीस मिनिटं द्या,” तो म्हणाला आणि पडद्यावरून गेला. फिओनाबाई आणि मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. मी बिस्किटाला हात लावला नाही. तो परत आला तेव्हा टाय सैल झाला होता.

“मी आईला फोन केला,” तो म्हणाला. “डनेडिनला असते. दर रविवारी विचारतो, कशी आहेस. मजेत, म्हणते. आज विचारलं, काय करायचं राहून गेलंय.”

“मग?”

“गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दर बुधवारी केक करून पोहोचवायची ती. तीन महिने केला नाही. खांदा वर होत नाही म्हणे. भट्टीतून भांडं काढता येत नाही.” त्याने चष्मा पुसला. “हा प्रश्न पहिला घ्या.”

“वयाच्या आधी?”

“वयाच्या आधी.”

फिओनाबाईंनी चाचरत विचारलं की जास्वंद राहिली तर चालेल का. मी म्हटलं, राहू द्या. जिंकलेल्या माणसाने फुलांशी भांडू नये.

शनिवारी हॉस्पिटलातून आत्याला सोडलं. लुसेआने आणि मी गाडी घेऊन गेलो. तिच्या वॉर्डात पोहोचलो तर खाट रिकामी. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला ती दिसली, चाकाच्या खुर्चीत, पाय उशीवर, अंगात काळा झगा. एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या खाटेशी तिची खुर्ची लागली होती आणि ती त्याचं बोलणं मान हलवत ऐकत होती. नर्स मला म्हणाली, “तीन दिवस हेच चाललंय. खाटेखाटेवर जाऊन विचारतात, ‘तुमचं काय राहिलंय?’ माणसं आम्हाला सांगत नाहीत ते यांना सांगतात.”

गाडीत बसल्यावर आत्याने पिशवीतून कागद काढून लुसेआनेकडे दिला. “वाच.”

लुसेआनेने वाचलं. त्या म्हाताऱ्याचा कुत्रा घरी एकटा, शेजारी कुंपणावरून खायला टाकतात पण फिरवत कुणी नाही. रारोटोंगा बेटावरच्या एका बाईच्या नातीचा मंगळवारी वाढदिवस, झगा अर्धा शिवून मशीनवर. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या माणसाने भावाशी चार वर्षं अबोला धरलाय, त्याला फक्त एवढंच कळवायचंय की मी इथे आहे. तिघांचे पत्ते. घराच्या किल्ल्या दोन.

“आत्या,” मी म्हणालो, “पण हे सगळं करायचं कुणी?”

“विचारलं कुणी?”

“तुम्ही.”

“प्रश्न कुणाचा?”

आरशात लुसेआने हसताना दिसली. आत्याने पाय नीट ठेवला, पट्टा लावून घेतला, आणि समोर बघत बसली.

मी गाडी सुरू केली. कुत्र्याचं घर वाटेवर होतं, म्हणून आधी तिकडे वळवली.